भरल्या अंगाची आई आणि उशिराचा पान्हा

नागझिऱ्याचे जंगल पाहायला म्हणून गेल्या दिवाळीनंतर आम्ही उभयता गोंदिया जिल्ह्यातल्या चोरखमाऱ्याला गेलो होतो. अभयारण्याचे एक फाटक याच गावाशी आहे. वाघ काही दिसला नाही; पण तलावाजवळच्या एका धुऱ्यावर जे दिसले, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. धानाच्या कापणीतून उठून आलेली एक काटकुळी बाई तान्ह्याला पदराआड घेऊन बसली होती. पोर पोटभर प्यायले आणि तिथेच झोपी गेले. गावच्या आशाताई जवळच होत्या. मी न राहवून त्यांना विचारले, "हिच्या अंगावर मूठभर मांस नाही, मग दूध येते कुठून?"

त्या हसून म्हणाल्या, "दूध मांसावर नसते हो बाई, लेकरू किती ओढते, त्यावर असते."

ते वाक्य मला लागले, आणि त्याला कारणही तसेच होते. दोन वर्षांपूर्वी माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दिवस राहण्यापूर्वीच तिचे वजन 72 किलो, उंची पाच फुटांच्या आत-बाहेर. घरात सगळ्यांचे एकच मत, 'भरल्या अंगाची आहे, दुधाला तोटा नाही!' प्रत्यक्षात तीन दिवस उलटले तरी पान्हा फुटेना. बाळ रडे, लेक रडे. आणि मी, शहाणी आजी, दुसऱ्याच रात्री डब्यातल्या दुधाची बाटली तयार केली. वर तोंडाने म्हणालेही, "एवढी धडधाकट असून तुला दूध कसे नाही ग?" चौथ्या दिवशी पान्हा आला, पण तोवर बाळाला बाटली गोड लागू लागली होती. त्याला परत आईकडे वळवायला तीन आठवडे गेले.

चोरखमाऱ्याहून परतल्यावर मी डॉक्टर असलेल्या पुतणीला छेडले. ती म्हणाली, "काकू, गरोदरपणापूर्वी वजन फार असेल तर दूध उतरायला बहुधा उशीर होतो." वार पडल्यावर प्रोजेस्टेरॉन नावाचा संप्रेरक झपाट्याने उतरतो आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरपूर दूध येऊ लागते. बाळाने ओढले की प्रोलॅक्टिन वाढते, त्यावर पुढचे दूध अवलंबून. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅथलीन रासमुसेन आणि त्यांच्या सहकारी यांना 2004 साली असे आढळले की, स्थूल मातांमध्ये पहिल्या आठवड्यात बाळ ओढत असतानाही हे प्रोलॅक्टिन कमी वाढते. पहिलटकरीण असणे, सिझेरियन, मधुमेह यांनीही उशीर होतो.

वजनाचा अंदाज घरीही करता येतो. किलोतले वजन मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागावे. दीड मीटर उंचीला 72 किलो म्हणजे 32. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने 30 पासून लठ्ठपणा.

पण उशीर म्हणजे नकार नव्हे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी ध्यानात धरावे. पहिले दोन दिवस येणारा चीक थेंबाथेंबानेच येतो, आणि निरोगी बाळाला बहुधा तो पुरतो. जन्मल्यावर तासाभरात बाळाला आईच्या उघड्या छातीशी द्यावे. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे. बाळ नीट ओढत नसेल तर हाताने चीक काढून वाटी-चमच्याने द्यावा. लघवी कमी होत असेल, बाळ मलूल दिसत असेल, वजन फार उतरत असेल, तर मात्र वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवावे. वरचे दूध द्यायचे की नाही, ते त्यांनीच ठरवावे. वजन उतरवायचे ते दिवस राहण्यापूर्वी. ओल्या बाळंतिणीला उपाशी ठेवून नव्हे.

आणि ती धुऱ्यावरची माउली? तिच्यासारख्या कृश आईलाही बहुधा पुरेसे दूध येते. पण ते ती स्वतःच्या शरीराची शिदोरी खर्चून देते. तिच्या ताटात दोन घास अधिक हवेत.

डिंकाचे लाडू मी यंदाही केले आहेत, लेकीचे दुसरे बाळंतपण जवळ आले आहे. बाटली मात्र आणलेली नाही. परवा तिला म्हटले, "तेव्हा चूक तुझी नव्हती, माझी होती." ती काही बोलली नाही, नुसता माझा हात धरून बसली.