आमच्यानंतर कोण? (लेखांक ९) : रात्रपाळी

पालकत्वाचे कागद पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. सांगलीच्या एका आईंचं पत्र आलं आहे आणि ते थांबवून ठेवणं बरं नाही. मुलगा छत्तीस वर्षांचा, डाउन सिंड्रोम. ताई तीन निवासी संस्था पाहून आल्या. तिन्हीकडे कार्यशाळा नीटनेटकी, पणत्या-आकाशकंदील सुरेख, जेवण चांगलं. आता निवडायची कशी?

ताई, तुम्ही तिन्हीकडे सकाळी अकराला गेलात. दिवसाच्या केंद्रासाठी ती वेळ ठीक, कारण तिथून मूल संध्याकाळी घरी येतं. निवासी संस्था मात्र रात्रीवरून जोखावी, असं माझं ठाम मत आहे.

बौद्धिक अक्षमता असलेल्यांमध्ये अपस्मार इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो. झोपेत आलेली आकडी कुणाच्या लक्षात आली नाही, तर जिवावर बेतू शकते. डाउन सिंड्रोम असलेल्या प्रौढांचा झोपेत श्वास अडखळतो आणि घरचे 'घोरतोय' म्हणून सोडून देतात. चाळिशीनंतर त्यांच्यात अल्झायमर लवकर डोकावतो. मग रात्री उठून फिरणं, संडासची वाट न सापडणं, कपडे ओले होणं सुरू होतं. तुमचा मुलगा त्या वयाच्या जवळ आला आहे.

म्हणून विचारा : रात्री ड्यूटीवर किती जण? ते जागे असतात की तिथेच झोपतात? रात्रीच्या गोळ्या कोण देतं, नोंद कोण ठेवतं? दोन वाजता दवाखान्यात न्यायचं कोण ठरवतं, गाडी कुठे असते? ऑफिसातल्या उत्तरांवर थांबू नका. रात्रपाळीच्या मावशींना किंवा दादांना भेटवा म्हणा. "आकडी आली तर काय करता?" एवढंच विचारा. "कुशीवर वळवते, तोंडात काही घालत नाही, घड्याळ बघते, पाच मिनिटांवर गेली तर दवाखाना," असं उत्तर आलं तर तिथे कुणीतरी नीट शिकवलं आहे. कांदा हुंगवणं, दातांत चमचा घालणं ऐकू आलं, तर दोष मावशींचा नाही, संस्थेचा. मावशी तिथे किती वर्षं आहेत, हेही विचारा. माणसं टिकत नसतील तर बाकीची चौकशी फार पुढे नेऊ नका.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र बघायचंच. बदलापूरची 'आधार', डोंबिवलीजवळ खोणीचं 'घरकुल' ही पालकांनी उभी केलेली ठिकाणं; कुठेही गेलात तरी तिथे राहणाऱ्यांच्या पालकांना गाठा आणि रात्री फोन उचलला जातो का, ते विचारा.

कायमचा प्रवेश घेण्याआधी आठवडाभर ठेवून बघा. राष्ट्रीय न्यासाची 'समर्थ' योजना मुळात अशा थोड्या दिवसांच्या निवासासाठीच होती; आता ती 'घरौंदा' या निवासी योजनेशी जोडली आहे. काही जण सांगतात, "महिनाभर भेटायला येऊ नका, रुळू दे." हे मला अजिबात पटत नाही. नव्या जागी त्याला आई दिसायला हवी.

आधी कळवून एकदा रात्री नऊनंतर जा. झोपायच्या खोल्यांत शिरायचा आग्रह नको, व्हरांड्यात बसलात तरी पुष्कळ कळतं. तेवढंही नाकारलं, तर ते नाव यादीतून काढा.

पुढच्या आठवड्यात पालकत्व नक्की. मूल अठरा पूर्ण झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. अपंगत्व प्रमाणपत्र शोधून ठेवा.