लिनक्सवरील व्हिडिओ गेम

लिनक्स या मुक्त स्रोत ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणाऱ्या व्हिडिओ गेमचे दोन प्रकार आहेत. काही गेम लिनक्ससाठीच तयार केलेले असतात, तर काही मूळचे विंडोजसाठी लिहिलेले असून मधल्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने लिनक्सवर चालतात. यांपैकी काही गेम विंडोजपेक्षा लिनक्सवर अधिक वेगाने किंवा अधिक सुरळीत चालतात.

इतिहास

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स प्रसिद्ध केल्यानंतर 'डूम' हा गेम १९९४ मध्ये त्यावर आला. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवण्यासाठी 'वाइन' हा प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला होता. लोकप्रिय गेम लिनक्सवर आणणारी लोकी सॉफ्टवेअर ही कंपनी १९९८ मध्ये स्थापन झाली, परंतु २००२ मध्ये बंद पडली. स्टीम या गेमविक्री सेवेची लिनक्स आवृत्ती फेब्रुवारी २०१३ मध्ये उपलब्ध झाली.

व्हॉल्व्हची चाचणी

गेमचा वेग दर सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांच्या, म्हणजे फ्रेमच्या संख्येत मोजतात. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१२ मध्ये 'लेफ्ट ४ डेड २' या गेमच्या चाचणीचे निकाल जाहीर केले. लिनक्सवर आणलेला हा गेम सुरुवातीला सेकंदाला केवळ ६ फ्रेम दाखवत होता. सुधारणांनंतर ही संख्या ३१५ झाली, तर त्याच संगणकावर विंडोज ७ मध्ये ती २७०.६ होती. लिनक्सवर ओपनजीएल आणि विंडोजवर डायरेक्टथ्रीडी ही ग्राफिक्स प्रणाली वापरली होती. विंडोजवरही ओपनजीएल वापरल्यावर वेग ३०३.४ पर्यंत वाढला. यावरून फरकाचे मुख्य कारण ऑपरेटिंग सिस्टीम नसून ग्राफिक्स कार्डापर्यंत आज्ञा पोहोचवण्याची पद्धत होती, हे दिसून आले.

कार्यपद्धती

वाइन संपूर्ण विंडोजची नक्कल करत नाही. प्रोग्रॅमने विंडोजकडे केलेली मागणी ते लिनक्सला समजेल अशा मागणीत बदलते. 'डीएक्सव्हीके' हे सॉफ्टवेअर डायरेक्टथ्रीडीच्या आज्ञांचे २०१६ मध्ये आलेल्या व्हल्कन या खुल्या ग्राफिक्स मानकात रूपांतर करते. व्हॉल्व्हने ही साधने एकत्र करून ऑगस्ट २०१८ मध्ये 'प्रोटॉन' प्रसिद्ध केले.

चांगल्या कामगिरीची कारणे

पडद्यावरील प्रकाश, छाया व रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमना शेडर म्हणतात. ते खेळताना संकलित होऊ लागले की चित्र अडखळते. लिनक्सवर चालणाऱ्या 'स्टीम डेक' या हातात धरायच्या संगणकाचा ग्राफिक्स संच ठरावीक असल्याने संकलित शेडर आधीच उतरवून घेता येतात.

दुसरे कारण म्हणजे मधल्या सॉफ्टवेअरमध्ये करता येणारी दुरुस्ती. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'एल्डन रिंग' हा गेम आला, तेव्हा संगणकावर तो अडखळत असल्याच्या तक्रारी झाल्या. व्हॉल्व्हच्या अभियंत्यांनी गेमला हात न लावता प्रोटॉनमधील स्मृतिव्यवस्थापन सुधारले आणि स्टीम डेकवर तो अधिक सुरळीत चालू लागला. अशा घटकांचा मूळ संकेत खुला असल्याने हे काम कंपनीबाहेरील जाणकारांनाही करता येते.

जुन्या गेमच्या बाबतीतही लिनक्स उपयोगी ठरते. ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्रॅम चालत नाहीत. वाइनच्या साहाय्याने त्यांपैकी अनेक चालतात. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे संगणक बाद न करता अभ्यासासाठी व खेळासाठी वापरत राहण्याचा मार्ग लिनक्समुळे खुला राहतो.

मर्यादा

सर्वच गेम लिनक्सवर वेगवान नसतात. रूपांतरासाठी प्रोसेसरचा काही वेळ खर्च होतो, आणि निकाल ग्राफिक्स कार्ड व त्याच्या ड्रायव्हरनुसार बदलतो. सर्वांत मोठा अडथळा ऑनलाइन गेममधील फसवणूकविरोधी सॉफ्टवेअरचा आहे. 'व्हॅलोरंट' व 'फोर्टनाइट' लिनक्सवर चालत नाहीत, आणि पूर्वी चालणाऱ्या 'एपेक्स लेजंड्स'ने २०२४ मध्ये लिनक्सवरील प्रवेश बंद केला. हा अडथळा तांत्रिक क्षमतेइतकाच निर्मात्या कंपनीच्या निर्णयावरही अवलंबून असतो.