शीतकपाट बंद पडते तेव्हा
बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव काही तासांतच मातेचे प्राण घेऊ शकतो. तो रोखणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. एप्रिल २०२३ पासून युद्धात होरपळणाऱ्या सुदानमध्ये वीज गेली, की या औषधाचा गुण उतरू लागतो. अशा ठिकाणी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या उपयोगी पडतात. त्या कोरड्या जागी ठेवल्या की पुरते. मूळची ही जठरव्रणावरची गोळी. संधिवाताच्या वेदनाशामकांबरोबर आपल्यातील काही ज्येष्ठांनी ती घेतलीही असेल! तिच्यामुळे बाळंतिणीला हुडहुडी भरते, ताप चढतो; ते बहुधा औषधाचेच लक्षण असते, सोबतच्या बाईने घाबरून जाऊ नये. रक्त मात्र थांबत नसेल, तर रुग्णालय गाठावेच लागते, आणि सुदानमध्ये अनेकदा नेमकी तीच वाट बंद असते.