यंत्राची शाळा

संत्र्यांचा हंगाम सुरू झाला की नागपूरच्या कळमना बाजारात फळांचे ढीग दिसू लागतात. प्रतवारी करणारा अनुभवी माणूस एकेक फळ हाती घेतो, क्षणभर निरखतो आणि हे इकडे, ते तिकडे असे भराभर टाकत जातो. फळ पिकलेले आहे हे कशावरून ओळखले, असे त्याला विचारले तर सगळे नियम त्याला सांगता यावयाचे नाहीत. पाहून पाहून कळते, एवढेच तो म्हणेल. आणि ते खरेच आहे. वर्षानुवर्षे त्याने हजारो फळे पाहिली, काही वेळा तो चुकला, कोणी तरी ती चूक दाखवून दिली आणि त्याची नजर तयार झाली.

संगणकाला अशी नजर पुष्कळ वर्षे नव्हती. माणसाने लिहून दिलेल्या सूचना तो बिनचूक पाळी. मोठमोठ्या बेरजा क्षणात करी. परंतु जो नियम माणसालाच शब्दांत मांडता येत नाही, तो यंत्राला लिहून कसा द्यावयाचा? या अडचणीतून शास्त्रज्ञांनी एक निराळी वाट काढली. यंत्राला नियम सांगावयाचाच नाही. उदाहरणे दाखवावयाची आणि नियम त्याने आपला आपण शोधावयाचा. आज ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात, त्यातील बराचसा भाग हाच आहे. हे नाव जॉन मॅकार्थी व त्यांचे सहकारी यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत एका संशोधनाच्या प्रस्तावात वापरले. नाव भारदस्त आहे खरे, पण त्यामागची कल्पना सातवीतल्या विद्यार्थ्याला न समजण्यासारखी मुळीच नाही.

समजा, यंत्राला पिकलेले संत्रे ओळखावयास शिकवायचे आहे. त्यासाठी प्रथम शेकडो संत्र्यांची छायाचित्रे घ्यावी लागतात आणि जाणत्या माणसाकडून प्रत्येकावर ‘पिकलेले’ किंवा ‘कच्चे’ असे लिहून घ्यावे लागते. छायाचित्र म्हणजे बारीक बारीक ठिपक्यांची जाळी. प्रत्येक ठिपक्याचा रंग आकड्यांत लिहिता येतो. यंत्राला संत्रे दिसत नाही; त्याला दिसतात ते केवळ आकडे. कोणत्या आकड्याला किती वजन द्यावे, हे त्याला आरंभी ठाऊक नसते. म्हणून पहिले उत्तर ते अंदाजपंचेच देते. उत्तर चुकले की ही वजने किंचित कमीजास्त केली जातात, जणू दुकानदाराने तराजूच्या पारड्यात एखादे लहानसे माप टाकावे किंवा काढावे. पुन्हा छायाचित्र, पुन्हा उत्तर, पुन्हा दुरुस्ती. असे हजारो वेळा झाले की उत्तरे बहुधा बरोबर येऊ लागतात. मग यंत्राची परीक्षा घेतात, आणि तीही त्याने पूर्वी न पाहिलेल्या छायाचित्रांवर. वहीत सोडवलेलेच गणित परीक्षेत घातले, तर मुलाला गणित आले की ते नुसते पाठ झाले, हे कसे कळणार?

येथे नागपूरच्या संत्र्याची एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आंब्याला मोहर येतो त्या सुमारास संत्र्याला जो बहार येतो, तो आंबिया बहार. मृग नक्षत्राच्या पावसावर जो फुलतो, तो मृग बहार. मृग बहाराची फळे हिवाळ्याच्या अखेरीस तयार होतात, तेव्हा थंडीमुळे त्यांच्या सालीला सुंदर नारिंगी रंग चढलेला असतो. आंबिया बहाराची फळे पावसाळा सरता सरता बाजारात येऊ लागतात. रात्री पुरेशा थंड झाल्या नाहीत, तर आतला गर गोड होऊनही साल हिरवीच राहते. आता यंत्राला केवळ मृग बहाराचीच छायाचित्रे दाखविली असतील तर काय होईल? ‘नारिंगी म्हणजे पिकलेले, हिरवे म्हणजे कच्चे’ एवढेच ते शिकेल. ऑक्टोबरात त्याच्यापुढे हिरव्या सालीचे गोड संत्रे ठेवले, तर ते निःशंकपणे ‘कच्चे’ म्हणेल आणि शेतकऱ्याच्या चांगल्या मालाला हलका भाव येईल. यंत्र खोटे बोलले नाही, आळसही केला नाही. शिकविणाऱ्याने वर्षाचा एक हंगामच त्याच्यापासून लपवून ठेवला होता.

रस्त्यावर अशी चूक झाली तर ती जिवावर बेतू शकते. नागपूर महानगरपालिकेच्या सहकार्याने २०२१ मध्ये शहरात ‘आय-रास्ते’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. हैदराबादची आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आणि इंटेल ही कंपनी त्यात सहभागी झाल्या. शहर बसगाड्यांवर कॅमेरे बसविण्यात आले. पुढे धडक होण्याचा संभव दिसताच यंत्र चालकाला इशारा देते. असे इशारे कोणत्या ठिकाणी वारंवार मिळतात, याची नोंद केली की रस्त्यावरील धोक्याची जागा अपघात होण्यापूर्वीच कळू शकते. पूर्वी अशी जागा कळे ती बहुधा तेथे माणसे दगावल्यावर.

तथापि परदेशातील रुंद, आखीव रस्त्यांची चित्रे पाहून शिकलेल्या यंत्राला आपला रस्ता कसा उमगावा? येथे रस्त्याच्या मधोमध गाय बसते, ऑटोरिक्षा मिळेल त्या फटीतून पुढे सरकते. हे ओळखून हैदराबादच्या त्याच संस्थेतील संशोधकांनी भारतीय रस्त्यांवरील १०,००० छायाचित्रांचा एक संग्रह २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ऑटोरिक्षा आणि जनावरे यांची वेगळी नोंद आहे. ब्रेकवरचा पाय मात्र अजूनही चालकाचाच आहे.

प्रश्नांना उत्तरे देणारी आणि निबंध लिहून देणारी यंत्रेही आता विद्यार्थ्यांच्या हाती आली आहेत. तीही उदाहरणांवरूनच शिकलेली असतात. अफाट मजकूर वाचून एका शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ती जाणतात. त्यांनी वाचलेल्या मजकुरात इंग्रजी फार, मराठी त्या मानाने थोडी आणि मुलाला ‘पोट्टा’ म्हणणारी नागपूर-वऱ्हाडकडची बोली तर अगदीच थोडी. एखाद्या लहान गावातील जुन्या विहिरीविषयी विचारले तर असे यंत्र मोठ्या डौलाने उत्तर देईल, आणि विहीर कोणी बांधली याचे नावही कदाचित सांगेल. ते नाव खरे असेलच असे नाही. वाक्य सुबक असणे आणि खरे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गावातील वृद्ध माणसाला विचारणे किंवा विहिरीवरचा कोरीव दगड वाचणे, हे काम यंत्राने केलेलेच नसते.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१९ मध्ये नववीसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक विषय सुरू केला. २०२६-२७ या वर्षापासून तिसरीपासूनच या विषयाची ओळख करून द्यावयाची, असे केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले. हे शिकण्यासाठी प्रत्येक शाळेत संगणकांची रांगच हवी, असे मात्र नाही. कागदाची वीस-पंचवीस पाने आणि रंगीत खडू पुरेसे होतात. मुलांनी पानांवर निरनिराळी फळे काढावी. एका विद्यार्थ्याने यंत्र व्हावे. त्याला नियम कोणी सांगू नये. चित्र दाखवून फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणावे. दहा चित्रे झाली की नवे चित्र दाखवून त्याचे उत्तर घ्यावे, आणि ते त्याने कशावरून दिले हे विचारावे. उत्तर चुकले तर त्याच्यावर हसण्याचे कारण नाही. कोणते चित्र त्याला दाखवावयाचे राहिले होते, ते बाकीच्या मुलांनी शोधून फळ्यावर लिहावे.