केमो संपली, मग औषध कशासाठी? – अंडाशयाचा कर्करोग आणि 'मेंटेनन्स' उपचार



आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलाची आई, नाहीतर शाळेतलीच एखादी ताई अंडाशयाच्या कर्करोगातून जात असते. ऑपरेशन होतं, केमोच्या साधारण सहा फेऱ्या होतात, रिपोर्ट चांगला येतो. घरात सगळे म्हणतात, "बरी झाली बाई!" आणि तेव्हाच डॉक्टर सांगतात, आता दोन वर्षं गोळ्या घ्या. घरचे गोंधळतात. म्हणून आज हा विषय सोप्या भाषेत समजून घेऊ.

१) रिमिशन म्हणजे काय?
तपासणीत रोग दिसत नाही, ही स्थिती म्हणजे रिमिशन. पण 'दिसत नाही' आणि 'नाही' यात फरक आहे. कपाशीचं शेत निंदलं की स्वच्छ दिसतं, पण हरळीची मुळी जमिनीत राहिली तर पावसानंतर ती पुन्हा वर येते. हा कर्करोग बहुतेक वेळा उशिरा, तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडतो. अशा रुग्णांपैकी बऱ्याच जणींमध्ये तो काही वर्षांत परत येतो. तो परतू नये किंवा उशिरा यावा, म्हणून रिमिशनमध्ये जे औषध देतात त्याला कन्सॉलिडेशन किंवा मेंटेनन्स म्हणतात.

२) आधी काय करून पाहिलं?
पहिला विचार साधा होता, तीच केमो पुढे चालू ठेवू. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पॅक्लिटॅक्सेल 3 ऐवजी 12 महिने दिलं. रोग परतायला उशीर लागला, पण आयुष्य वाढल्याचं सिद्ध झालं नाही. हातापायांच्या मुंग्या आणि बधिरपणा मात्र वाढला. म्हणजे जास्त औषध हे नेहमीच चांगलं औषध नसतं.

३) आता काय देतात?
बेव्हॅसिझुमॅब हे सलाईनमधून दर तीन आठवड्यांनी देतात. गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या ते वाढू देत नाही. बीपी आणि लघवीतली प्रथिनं तपासत राहावी लागतात.

दुसरा गट पार्प रोधक गोळ्यांचा, उदा. ओलापॅरिब. पेशीतला डीएनए रोज थोडाफार तुटतो आणि दुरुस्त होतो. समजा दोन मिस्त्री आहेत, एक बीआरसीए, दुसरा पार्प. ज्या गाठीत बीआरसीए आधीच बिघडलेला असतो, ती पार्पच्या भरवशावर जगते. गोळीने पार्पही थांबवला की ती पेशी मरते. निरोगी पेशीत बीआरसीएची एक चांगली प्रत शाबूत असल्याने ती बरीचशी तगते.

2018 च्या सोलो-1 अभ्यासात बीआरसीए दोष असलेल्या रुग्णांना या गोळ्या दोन वर्षं दिल्या. सात वर्षांनी गोळी घेतलेल्यांपैकी सुमारे 67 टक्के हयात होत्या. नुसती खोटी गोळी मिळालेल्या गटात हे प्रमाण सुमारे 46 टक्के होतं. दोष नसलेल्यांना फायदा कमी होतो, म्हणून आधी बीआरसीए तपासणी महत्त्वाची. हा दोष आईकडून किंवा वडिलांकडून येऊ शकतो आणि अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. त्यामुळे बहिणी आणि सज्ञान मुलामुलींनीही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

४) आपल्या खान्देशात
जळगावहून परळच्या टाटा हॉस्पिटलला जायचं म्हणजे चारशेहून अधिक किलोमीटर. धुळेकरांना पूर्वी चाळीसगावहून गाडी धरावी लागत असे, नाहीतर बस. प्रत्येक फेरीत मजुरी बुडते, मुलाची शाळा बुडते. गोळी घरी घेता येते आणि रक्ततपासणी गावाजवळ होते, हा मोठा आधार आहे. पण गोळ्यांमुळे रक्त कमी होतं, मळमळ आणि थकवा येतो. सुरुवातीला दर महिन्याला रक्त तपासायचंच. गोळ्या महाग असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

५) डॉक्टरांना विचारायचे प्रश्न
- बीआरसीए तपासणी झाली का?
- या औषधाने नेमका किती फायदा अपेक्षित आहे?
- किती दिवस, किती खर्च?
- फक्त तपासण्या करत थांबलं तर चालेल का?

पोट फुगणं, थोडं खाल्लं तरी पोट भरणं, वारंवार लघवी होणं अशा तक्रारी पुन्हा सुरू झाल्या तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

आणि शिक्षकांनो, अशा घरातलं मूल 'आई बरी झाली' असं सांगत असलं, तरी तपासणीच्या दिवशी ते गप्प असतं. त्या दिवशी गृहपाठ राहिला तर रागावू नका.