घाट उतरण्याआधी स्टेअरिंगचा होज पाहा

आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांचा घरखर्च आज एका जुन्या गाडीवर चालतो. कोणी सुमो घेऊन वडाप करतो, कोणी बोलेरोतून शाळेची मुले पोचवतो, कोणी क्वालिस लग्नसराईत भाड्याने देतो. गाडी बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताची असते आणि तिचा हप्ता चालू असतो. १ जानेवारीला कोरेगाव भीमा, २० मार्चला महाड, विजयादशमीला नागपूर आणि ६ डिसेंबरला मुंबई, अशा दिवशी हीच गाडी वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना आणि लेकराबाळांना घेऊन निघते. तेव्हा गाडीच्या तब्येतीची काळजी घेणे हे एकट्या ड्रायव्हरचे काम राहत नाही. ते साऱ्या घराचे काम होते.

इंजिन ऑईल, ब्रेक आणि टायर यांच्याकडे बहुतेकांचे लक्ष असते. पॉवर स्टेअरिंगचा होज मात्र फुटेपर्यंत कोणाला आठवत नाही. म्हणून आज आम्ही त्याविषयी लिहीत आहोत.

होज काय काम करतो?

जुन्या गाड्यांपैकी पुष्कळ गाड्यांचे पॉवर स्टेअरिंग तेलावर चालते. इंजिनच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. तो डबीतले तेल ओढून जोराने स्टेअरिंगच्या गिअरबॉक्सकडे पाठवतो आणि त्या जोरामुळे चाके हलक्या हाताने वळतात. पंपाकडून तेल नेणारा तो प्रेशर होज. त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी जोड दाबून बसवलेले असतात. काम झालेले तेल डबीकडे परत आणणारा तो रिटर्न होज. हा साधा रबरी असून क्लिपांनी आवळलेला असतो.

प्रेशर होजवर किती ताण असतो ते पाहा. मोटारीच्या टायरमध्ये आपण तीस-पस्तीस पौंड हवा भरतो. स्टेअरिंग पूर्ण वळवून धरले की या होजमध्ये हजार पौंडांच्या वर दाब चढतो. बाजूला इंजिनची उष्णता आणि रस्त्याचे हादरे असतातच. वर्षानुवर्षे हे सोसून रबर कडक होते, त्याला भेगा पडतात. एखाद्या ठिकाणी होज पत्र्याला घासत असेल तर तो तिथेच पातळ होतो.

नव्या छोट्या गाड्यांमध्ये बहुधा विजेच्या मोटरवर चालणारे स्टेअरिंग असते. त्यांत हे तेलही नाही आणि होजही नाही. आपल्या गाडीत काय आहे ते आधी पाहून घ्यावे.

लक्षणे ओळखा

होज फुटण्याआधी बहुधा सूचना मिळते. सकाळी गाडी हलवली की जमिनीवर तेलाचा डाग दिसतो. डबीतले तेल आठवड्या-पंधरवड्याला कमी होते. वळवताना घूं घूं आवाज येतो. स्टेअरिंग कधी हलके, कधी जड लागते. डबीत फेस दिसतो. होजवर हात फिरवला तर तो ओला, चिकट किंवा फुगलेला लागतो. ही तपासणी इंजिन बंद करून आणि गार झाल्यावरच करावी.

इंजिन चालू असताना गळती हाताने कधीही शोधू नये. बारीक छिद्रातून उडणारी तेलाची धार कातडीत घुसू शकते. जखम टाचणीएवढी दिसते, दुखतही नाही, पण आतले मांस सडून बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. असे झाल्यास तासभरही न थांबता मोठ्या दवाखान्यात जावे आणि तेल आत गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

रोज तेल टाकून दिवस काढू नका

‘अजून चालतंय की’ असे म्हणून पुष्कळजण रोज थोडे तेल टाकत राहतात. यात तीन धोके आहेत. पहिला, तेल संपले की पंप कोरडा फिरतो आणि खराब होतो. होजच्या मानाने पंपाचा खर्च किती तरी जास्त. दुसरा, गळलेले तेल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडले तर धूर होतो आणि आगही लागू शकते. तिसरा धोका घाटातला. होज फुटला तरी स्टेअरिंग वळते, पण एकाएकी फार जड होते. वरंध घाटाच्या अवघड वळणावर, गाडी माणसांनी भरलेली असताना, ड्रायव्हरला हे कळेपर्यंत वळण निघून जाते.

होजवर टेप गुंडाळणे किंवा फुटका भाग कापून मध्ये पाण्याचा अथवा डिझेलचा पाइप क्लिपांनी बसवणे हा उपाय नव्हे. त्या दाबापुढे क्लिप टिकत नाही.

होज कसा बदलतात?

रिटर्न होज थोडी सवय असलेला ड्रायव्हर स्वतः बदलू शकतो. त्यासाठीही तेल सोसणारा होजच घ्यावा. प्रेशर होजसाठी जाणता फिटर हवा. मात्र काम कसे होते हे मालकाला ठाऊक असावे, म्हणजे फसवणूक होत नाही आणि कामात कसूर राहत नाही.

गाडी सपाट जागी, इंजिन गार. मागच्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावावेत आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. पुढची बाजू उचलून भक्कम स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही शिरू नये.

जुना होज कोणत्या वाटेने गेला आहे, कुठे क्लिप आहे, हे काढण्यापूर्वी कागदावर उतरवून घ्यावे. डबीतले तेल काढावे, खाली टोपले ठेवावे. गंजलेला नट साध्या पान्याने गोल होतो. म्हणून पाइपावर चढवता येईल असा, तोंडाशी फट असलेला रिंग पाना वापरावा. एका पान्याने जोड धरून दुसऱ्याने नट सोडावा, म्हणजे पाइप पिळला जात नाही. उघडी तोंडे लगेच स्वच्छ प्लॅस्टिकने झाकावीत. आत गेलेली धूळ पंप खाते.

जुना होज दुकानात सोबत न्यावा. लांबी, वाक आणि दोन्ही टोके जुळली पाहिजेत. तयार होज मिळत नसेल तर ट्रॅक्टर-जेसीबीचे होज बनवणाऱ्या दुकानात तो करून मिळतो. तो पॉवर स्टेअरिंगचे तेल, दाब आणि उष्णता सोसणारा आहे ना, हे विचारून घ्यावे.

नवा होज जुन्याच वाटेने न्यावा. तो सायलेन्सरला, पट्ट्याला किंवा पत्र्याला टेकता कामा नये. वायसर किंवा रबरी रिंग नवीच घालावी. नटाचे पहिले आटे हाताने बसवावेत, मग पान्याने बेताने आवळावे.

तेल गाडीच्या पुस्तकात सांगितले असेल तेच घालावे. ब्रेक ऑईल कधीही घालू नये, त्याने सील फुगून खराब होतात. मग एअर काढावी. इंजिन बंद ठेवून, पुढची चाके उचललेलीच असताना, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा सावकाश फिरवावे आणि डबीत तेल भरत राहावे. बुडबुडे थांबले की वायर जोडून इंजिन चालू करावे आणि पुन्हा तसेच फिरवावे. टोकाला नेऊन चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नये. शेवटी जोड कोरडे आहेत ना ते बॅटरीच्या उजेडात दुरून पाहावे. दोन दिवसांनी तेलाची पातळी परत तपासावी.

काढलेले तेल गटारात किंवा ओढ्यात ओतू नये. डब्यात भरून जुने ऑईल घेणाऱ्याला द्यावे.

घरातल्या सर्वांसाठी

घरात गाडीची एक वही असावी. हप्ता, तेलपाणी, टायर यांच्याबरोबर होज कधी बदलला तेही त्यात लिहावे. हिशेब पाहणाऱ्या भगिनीला तेलाचा खर्च वाढलेला सगळ्यांत आधी कळतो. तिने विचारले तर ड्रायव्हर बंधूंनी चिडू नये, बॉनेट उघडून पाहावे. मुलगा असो की मुलगी, काम चालू असताना त्यांना जवळ उभे करून दाखवावे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा तांत्रिक प्रशिक्षणाचे काम त्यांच्याच खात्याकडे होते. हाताच्या कामामागची विद्या शिकण्यात कमीपणा नाही. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा अभ्यास मुलींनाही खुला आहे.

तथागतांनी अखेरच्या उपदेशातही अप्रमादावर, म्हणजे सावधपणावर, भर दिला. रस्त्यावर सावधपणा म्हणजे काय, तर निघण्याआधी बॉनेट उघडणे. पुढच्या वेळी महाडला किंवा नागपूरला गाडी भरायची असेल तेव्हा आठ दिवस आधी डबीतले तेल पाहा, होजवर हात फिरवा. हाताला ओल लागली तर आधी होज बदला, मगच माणसे बसवा.