कॉलमचा काटछेद : चौरस, आयत की वर्तुळ?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सातारा जिल्ह्यातील कोयनानगर परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. कोयना धरण टिकले. पण त्याच्या उंच खंडांना आडव्या भेगा पडल्या, आणि त्या मुख्यतः धरणाच्या खालच्या अंगाचा उतार जेथे एकाएकी बदलतो त्याच पातळीवर. आकार बदलला तेथे ताण एकवटला. काँक्रीटमध्ये सामर्थ्य केवळ मालावर नव्हे, आकारावरही अवलंबून असते, हे या घटनेइतके ठळकपणे क्वचितच दिसते.

घराच्या कॉलमवर नुसता उभा भार असता, तर काटछेदाचे क्षेत्रफळ पुरेसे धरले की काम भागले असते. भूकंपात मात्र कॉलम वाकतो, आणि वाकण्याला होणारा विरोध जडत्व आघूर्णावर ठरतो. २३० × ४५० मिलिमीटरचा कॉलम घ्या. लांब बाजूच्या दिशेने तो आखूड बाजूच्या दिशेपेक्षा जवळजवळ पावणेचार पट ताठ असतो. सातारा-सांगलीकडे नऊ इंची भिंतीत कॉलम लपावा म्हणून हाच आकार सर्रास निवडला जातो. सगळ्या कॉलमांची लांब बाजू एकाच दिशेला ठेवली, तर इमारत दुसऱ्या दिशेने दुबळी राहते. म्हणून काही कॉलम आडवे फिरवून दोन्ही दिशांचा ताठपणा शक्य तितका सारखा राखणे आवश्यक आहे. भूकंपरोधक रचनेच्या आयएस १३९२० या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीने कॉलमची किमान बाजू ३०० मिलिमीटर केली आणि आखूड व लांब बाजूंचे गुणोत्तर ०.४५ पेक्षा कमी नसावे असे ठरवले. भिंतीच्या जाडीवरून कॉलम ठरवण्याची सवय आता सोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कोयना परिसर तर चौथ्या भूकंपक्षेत्रात मोडतो.

वर्तुळाकार कॉलम चौरसापेक्षा अधिक ताठ असतो, असा एक गैरसमज आढळतो. समान क्षेत्रफळाच्या चौरसाचे जडत्व आघूर्ण वर्तुळापेक्षा सुमारे पाच टक्क्यांनी अधिकच असते. वर्तुळाचा खरा गुण मळसूत्री रिंगेत आहे. ती आतल्या काँक्रीटला सर्व बाजूंनी सारखे आवळते, म्हणून काँक्रीट बांधकामाचे आयएस ४५६ हे मानक अशा कॉलमला पाच टक्के अधिक भारक्षमता मान्य करते. उभ्या सळ्या मात्र किमान सहा लागतात. आयताला चार पुरतात. गोल साचा लोखंडी पत्र्याचा करावा लागत असल्याने एक-दोन कॉलमांसाठी तो परवडत नाही.

नदीपात्रात वर्तुळाची योग्यता निर्विवाद आहे. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये सांगलीने कृष्णेचा महापूर पाहिला. पुरात प्रवाहाची दिशा पालटली, तरी गोल खांब पाण्याला तेवढीच रुंदी दाखवतो. पुलांच्या भारतीय संहितेत पाण्याच्या दाबाचा गुणांक चौकोनी टोकाच्या खांबाला १.५०, तर गोल खांबाला ०.६६ धरतात.

कोपऱ्यातील काटकोनी (‘एल’ आकाराचा) कॉलम खोलीत डोकावत नाही, म्हणून घरमालकांना आवडतो. त्याच्या आतल्या कोपऱ्यातून एकच रिंग वळवून नेली, तर ताणाखाली ती सरळ होऊ पाहते आणि आवरणाचे काँक्रीट फोडते. तेथे दोन स्वतंत्र बंद रिंगा एकमेकींत गुंतवून प्रत्येकीचे हूक १३५ अंशांत आत वळवावे लागतात.